'वास्तुप्रेमी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

नमस्कार,

जुन्या इमारतींना नवा वापर देण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली, म्हटलं झोपेत काहीतरी भलतंच वाचलं असेल. पण नाही, तीच होती. "जुन्या वास्तूत गॅलऱ्या आणि ऑफिसं घुसवली की तिचा आत्मा मरतो, हे तुम्हाला एसीत बसून कळायचं नाही." पुढे खर्च, आगीचे नियम, आधीच्या भाडेकरूंना कुठे हाकलतात वगैरे आणि शेवटी "व्हेनिस चार्टर वाचा जरा, उजेड पडेल." (म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणारी आंतरराष्ट्रीय सनद.)

तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करतो. पॅरिसचं ओर्से म्युझियम १९०० साली उघडलं असं मी लिहिलं होतं, ते चुकलंच. १९०० ला उघडलं ते रेल्वे स्टेशन, म्युझियम १९८६ चं. दुरुस्त केलंय, आभार. ("निदान गूगल तरी करायचं" हे नसतं लिहिलं तरी चूक कळली असती मला.)

आता तो आत्मा. ओर्सेचंच घ्या, विषय निघालाच आहे तर. १९३९ पर्यंत लांबच्या गाड्यांसाठी ते स्टेशन निकामी झालं होतं, कारण नव्या गाड्या लांब आणि प्लॅटफॉर्म आखूड. नंतर ते पाडून तिथे हॉटेल बांधायचं घाटत होतं. मग आत्मा नेमका कुठे होता हो, बंद प्लॅटफॉर्मवर? आज ती कमान, ते मोठं घड्याळ लोक मान वर करून बघतात ते आत चित्रं लावली म्हणूनच ना. लंडनचं बँकसाइड वीजघर १९८१ ला बंद पडलं, २००० साली तिथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय आलं आणि टर्बाइनचा तो अवाढव्य हॉल भिंती घालून चिरला नाही, मोकळा ठेवला. मी लेखात हेच लिहिलं होतं की वापर बदला पण जागेचा श्वास कोंडू नका. तुम्ही लेख पूर्ण वाचलात की फक्त शीर्षक, हा प्रश्न मला पडलाय, राग मानू नका.

अजून मागे जायचं तर रोमचं पँथिऑन. मुळात देवळासाठी बांधलेलं, ६०९ मध्ये चर्च झालं आणि वापरात राहिलं म्हणून आजही घुमटासकट उभं आहे. त्याच शहरातल्या कोलोसियमचा दगड मात्र लोकांनी खाणीसारखा काढून नेला. (पँथिऑनच्या देवडीतलं ब्राँझ पुढे एका पोपनेच काढून नेलं, माहितीये मला, तेवढ्यासाठी परत येऊ नका.)

आणि एसी. हा शब्द मला लागला, खोटं कशाला बोलू. एकोणीस वर्षं साइटवर काढलीत मी, चुन्याने बोटं फाटलीयेत. पहिल्याच कामावर एका जुन्या दगडी इमारतीच्या दरजा (दगडांमधले सांधे) ठेकेदाराने सिमेंटने भरून घेतल्या. दिसायला एकदम चकाचक! मी ज्युनियर, गप्प बसलो. चुन्याच्या दरजेतून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही, मग ती दगडातून वाट काढते, बरोबर क्षार आणते आणि ते क्षार पृष्ठभागाशी साचून दगडाचे पापुद्रे सोडवतात. चार वर्षांनी गेलो तर दगड बोटभर आत गेलेला आणि सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या बाहेर उभ्या. मी तिथे बराच वेळ उभा होतो. त्या इमारतीचा वापर काडीचाही बदलला नव्हता बरं का, आधी जे ऑफिस होतं तेच होतं. आता सांगा आत्मा कोणी मारला?

अथेन्सच्या अक्रॉपोलिसवर, म्हणजे प्राचीन देवळांच्या टेकडीवरही, दुरुस्तीनेच नुकसान झालं. प्राचीन कारागिरांनी संगमरवर जोडायला लोखंडी पट्ट्या वापरल्या पण त्या गंजू नयेत म्हणून वर शिसं ओतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत नुसतं लोखंड घातलं, ते गंजून फुगलं आणि दगड तडकले, मग ते काढून टायटॅनियम घालायची वेळ आली. हेतू चांगलाच होता, तिथे कोणी कॅफेही उघडलं नव्हतं.

व्हेनिस चार्टर १९६४ चं, माझ्याकडे त्याची प्रिंट आहे, कोपरे दुमडलेली. पाचवं कलम बघा. वास्तू समाजोपयोगी कामासाठी वापरली तर तिचं जतन सोपं होतं, असं तेच म्हणतंय. पुढे आराखडा आणि सजावट बदलू नये असंही आहे, ते मी लपवत नाहीये, उलट माझा सगळा लेख त्याच अटीवर होता. नववं कलम सांगतं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. हेच कलम प्रतिक्रियांनाही लावायला हवं, म्हणजे मी कुठे बसून लिहितो याचे अंदाज थांबतील.

बाकीचे मुद्दे. खर्च प्रत्येक इमारतीगणिक वेगळा. आगीचे नियम पाळावेच लागतात, त्यात वाद कसला. भाडेकरूंचं म्हणाल तर तो मोठा विषय आहे, तिथे मी काय बोलणार, मी चुना-दगडाचा माणूस. "सोयीस्कर मौन" वगैरे जे लिहिलंत ते वाचलं. असो.

प्रतिक्रिया उडवलेली नाही, जशीच्या तशी ठेवलीये. पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा, 'वास्तुप्रेमी' तर मीही आहेच की.