कॅरल हचिन्सने तक्रार केली होती, आणि तीही कोर्टात

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. वर जोडलेले हात, खाली फुलं, मधे एका अमेरिकन सॉफ्टबॉल कोचची गोष्ट. थोडक्यात ती अशी: मिशिगन विद्यापीठाच्या कॅरल हचिन्स या बाई 38 वर्षं एकाच ठिकाणी कोच होत्या, त्यांनी ऑलिम्पिकचं सुवर्ण मिळवलं, दरवर्षी ट्रॉफी आणली, 1,707 सामने जिंकले आणि या सगळ्यात "एकदाही तक्रार केली नाही, जे मिळालं त्यात समाधान मानलं". शेवटी जाड अक्षरात: "मुलींनो, आधी जिंकून दाखवा, मग मागा."

एरवी मी असलं काही उघडूनही बघत नाही. हा शेवटपर्यंत वाचला, कारण तो माझ्या भाचीला उद्देशून टाकलेला होता. ती सेकंड इयरला आहे, कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीममध्ये कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी. टीमच्या मुलींनी क्रीडा विभागाला द्यायला अर्ज लिहिलाय. कपडे बदलायला एक बंद खोली, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलांइतकाच टीए-डीए आणि कॅचरचं नवीन किट, एवढंच मागणं आहे. ते किट मी हातात घेऊन पाहिलंय. डाव्या लेग गार्डचा पट्टा तुटलाय, तिथे तिने परकराची नाडी ओवली आहे. दोन इनिंग झाल्या की गाठ सैल होते आणि गार्ड घोट्यावर घसरतो. फॉरवर्ड आला त्या रात्री तिचा फोन: "मावशी, अर्ज राहू दे का गं? मामा म्हणतो ते खरंही असेल."

मामा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, फॉरवर्ड टाकणारा तोच. त्याला राग येईल, येऊ दे.

तक्रारीचंच आधी घेते, कारण बाकी सगळं चुकीचं असतं तरी मी सोडून दिलं असतं, हे नाही सोडणार. अमेरिकेत 1979 साली एक खटला झाला. त्याचं नाव आहे हचिन्स विरुद्ध बोर्ड ऑफ ट्रस्टीज ऑफ मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी. यातली हचिन्स म्हणजे हीच कॅरल हचिन्स. तेव्हा ती मिशिगन स्टेटमध्ये (पुढे कोच झाली ते मिशिगन विद्यापीठ वेगळं) शिकत होती, बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळत होती. मुलांच्या बास्केटबॉल टीमला प्रवासाची सोय चांगली आणि जेवणाचे पैसे जास्त, मुलींच्या टीमला दोन्ही कमी. त्यावरून मुली आपल्याच विद्यापीठाविरुद्ध फेडरल कोर्टात गेल्या, आणि खटल्यावर नाव लागलं ते हिचं. कोर्टाने मुलांना जादा सवलती देण्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला. जिच्या नावाने अमेरिकेतल्या क्रीडा कायद्याच्या अभ्यासात एक खटला ओळखला जातो, तिच्या तोंडी तुम्ही "एकदाही तक्रार केली नाही" घालता? लिहिणाऱ्याने एकदा नुसतं नाव शोधलं असतं तरी हे सापडलं असतं.

भांडण कशावरून होतं तेही नीट वाचा. प्रवास आणि जेवणाचे पैसे. आपल्याकडच्या कॉलेजच्या भाषेत टीए-डीए. माझ्या भाचीच्या अर्जातलं दुसरं कलम तेच आहे.

आणि वर्ष कोणतं होतं? त्याच मोसमात मिशिगन स्टेटची मुलांची बास्केटबॉल टीम, पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मॅजिक जॉन्सनला घेऊन, राष्ट्रीय विजेती झाली. अख्खं विद्यापीठ त्या टीमच्या मागे होतं. त्या दिवसांत विशीतल्या मुलींनी उठून "आमच्या जेवणाचे पैसे कमी का?" असं विचारणं किती अवघड गेलं असेल, याचा अंदाज कॉलेजच्या ऑफिसात एकदा तरी अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या कुणालाही येईल.

मुलींना मागायला आधार होता तो 1972 च्या टायटल नाइन या कायद्याचा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून डावलता येणार नाही, असं तो सांगतो. पण कायदा झाला म्हणून जेवणाचे पैसे आपोआप सारखे झाले नाहीत. सात वर्षांनंतरही कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता "आधी जिंका, मग मागा". हचिन्स जिंकलेलीच होती! 1976 मध्ये मिशिगन स्टेटच्या मुलींनी सॉफ्टबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा ही पहिल्या वर्षाला होती आणि त्या टीममधून खेळली. राष्ट्रीय विजेती खेळाडू तीन वर्षांनी त्याच विद्यापीठात बास्केटबॉलच्या दौऱ्यावर निघाली, तर तिच्या ताटाचे पैसे मुलांपेक्षा कमीच. जिंकल्यावर न मागता मिळतं हे तिच्याच आयुष्यात खरं ठरलं नाही. तेच तिच्या नावावर खपवायचं आणि वर ते एका एकोणीस वर्षांच्या मुलीला पाठवायचं, याचा मला खरोखर संताप आला. तिने जवळजवळ अर्ज फाडला होता.

बाकीचं भराभर. ऑलिम्पिक सुवर्ण: नाही. सॉफ्टबॉल ऑलिम्पिकमध्ये आला 1996 साली, अटलांटाला. तेव्हा बाईंना मिशिगनच्या मुख्य कोच होऊन अकरा वर्षं झाली होती, म्हणजे खेळाडू म्हणून सुवर्ण मिळवायचा प्रश्नच नव्हता. दरवर्षी ट्रॉफी: अजिबात नाही. राष्ट्रीय विजेतेपद एकदाच, 2005 मध्ये, मुख्य कोच म्हणून एकविसाव्या मोसमात. 2015 ला पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि फ्लोरिडाकडून हरल्या.

पण ते एक विजेतेपद "दरवर्षी"च्या खोटेपणाखाली झाकून जातं, म्हणून सांगते. तोवर ही स्पर्धा मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही टीमने जिंकली नव्हती. कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा उन्हातल्या राज्यांचाच हा खेळ समजला जायचा. मिशिगनला मोसम सुरू होतो तेव्हा मैदानावर बर्फ असतो. सराव छताखाली करायचा आणि सुरुवातीचे आठवडे दक्षिणेत जाऊन दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळायचं. अंतिम फेरीत समोर कॅलिफोर्नियाचं यूसीएलए विद्यापीठ. पहिला सामना हरल्या, दुसरा जिंकल्या, तिसरा ठरलेल्या सात इनिंगमध्ये सुटला नाही. दहाव्या इनिंगमध्ये सामंथा फिंडले या पहिल्या वर्षाच्या मुलीने तीन धावांचा होमर (चेंडू कुंपणापलीकडे घालवणारा फटका) मारला. वीस मोसम हा दिवस आला नव्हता, तरी विद्यापीठाने कोच बदलला नाही. "आधी जिंका" हा नियम तिथे लावला असता तर 2005 उजाडलंच नसतं.

1,707 हा आकडा मात्र बरोबर आहे, ते मान्य. त्यात मिशिगनच्या आधी फेरिस स्टेट विद्यापीठात कोच होत्या, त्या पहिल्या वर्षाचे विजयही धरलेले आहेत. 2022 ला निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकी कॉलेज सॉफ्टबॉलच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागात इतके सामने कुणीच जिंकले नव्हते. मुख्य कोच म्हणून मिशिगनमध्ये 38 मोसम, हेही खरं. बाई कडक शिस्तीच्या होत्या, हेही खरं. दादा, एवढं तुझं.

पण समाधान मानून गप्प बसल्या म्हणून 38 वर्षं टिकल्या, हे त्यातून निघत नाही. कोच झाल्यावरही त्या बायकांच्या जागांविषयी जाहीरपणे बोलत राहिल्या. टायटल नाइन आला तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या टीमच्या दहापैकी नऊ कोच बायका होत्या. मुलींच्या खेळात पैसा आला तशा त्या जागांवर पुरुष येत गेले आणि बायकांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरलं. हचिन्स यांच्यानंतर मिशिगनची टीम बॉनी थोल यांच्याकडे गेली. त्या आधी हचिन्स यांच्याच हाताखाली खेळल्या, मग वर्षानुवर्षं त्यांच्या सहायक होत्या.

फॉरवर्डखाली कुणीतरी लिहिलंय, "सॉफ्टबॉलच तो, लागून लागून किती लागणार?" तो चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा असतो आणि वजनालाही जास्त. कॉलेजच्या मुलींच्या खेळात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, तो 43 फुटांवरून टाकते, आणि चांगली पिचर ताशी 100 किलोमीटरच्या पुढे. तो प्रत्येक वेळी कॅचरकडे येतो. भाचीच्या नडगीवर, गार्ड घसरतो बरोबर त्याच जागी, मूठभर काळानिळा डाग आहे. फोटो मी दादाला वेगळा पाठवलाय.

अर्ज मंगळवारी जाणार आहे. सोमवारी रात्री भाचीने तो पुन्हा लिहायला घेतला. दुसऱ्या कलमात नुसतं "मुलांइतका" असं होतं. तिथे आता तिने दोन रकाने आखलेत, मुलांना रोजचे किती आणि आम्हाला किती, आणि गेल्या तीन स्पर्धांच्या तारखा घातल्यात.