बाथटबात उघडणारा जिना

आमच्या सातारच्या घराचा नकाशा गवंड्याने काठीने मातीत काढला होता. "हितं सोपा, हितं सैपाकघर, न्हाणी मागं," असं म्हणत तो फिरला, आजोबांनी मागोमाग फक्की टाकली आणि घर उभं राहिलं. पन्नास वर्षं झाली, अजून उभं आहे. पावसाळ्यात जिन्यात गळतं, पण ते पहिल्यापासून गळतं, त्यामुळे त्याला कोणी गळती म्हणत नाही.

या वारशाच्या जोरावर मी न्यू जर्सीत जाहीर केलं, की आपल्याला आर्किटेक्ट नको.

झालं असं, की आम्ही एक जुनं, बसकं घर घेतलं. ते पाडून त्याच जागेवर नवं बांधायचं. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मी हे कुणाला तरी बोललो आणि मोदक हातात पडेपर्यंत तेरा जणांचा सल्ला मिळाला. आर्किटेक्ट म्हणजे बांधकाम खर्चाच्या आठ ते पंधरा टक्के, हे सगळ्यांना तोंडपाठ. "बिल्डर प्लॅन फुकट देतो की," असं एकजण म्हणाला. त्याच्याच घरी जेवायला गेलं की बाथरूमचं दार अर्धंच उघडतं, पलीकडे वॉशिंग मशीन आहे. पण तो मुद्दा मी तेव्हा काढला नाही, मोदक त्याच्या बायकोने केले होते.

दुसऱ्याने सांगितलं, तयार नकाशे विकत मिळतात, हजार-दोन हजार डॉलरमध्ये. या देशात ते जुनंच आहे म्हणा. सिअर्स कंपनी १९०८ ते १९४० या काळात कॅटलॉगमधून अख्खी घरं विकायची. लाकूड, खिळे, रंग, सगळं रेल्वेने येऊन पडायचं, सोबत जोडणीचं पुस्तक. अशी सत्तर हजारांवर घरं विकली गेली. आपल्याकडे पोस्टाने मनीऑर्डर यायची तेव्हा इथे घर येत होतं. पण मी पाहिलेल्या आजच्या तयार नकाशांपैकी कुठल्याच घरात देवघर नव्हतं. प्रत्येकात 'मडरूम' मात्र होती, चिखलाचे बूट काढायला. आम्ही दोघंही संगणकासमोर बसून पोट भरणारी माणसं. आमच्या बुटांना चिखल कुठला?

मग रात्री दीड वाजता मला कायदा सापडला. न्यू जर्सीत स्वतः राहण्यासाठी एका कुटुंबाचं घर बांधणारा मालक आपला नकाशा आपण काढू शकतो. आर्किटेक्टचा शिक्का लागत नाही. मीच काढला, असं प्रतिज्ञापत्र दिलं की झालं. मी बायकोला उठवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झोप."

दुसऱ्या दिवसापासून मी एक्सेलमध्ये घर बांधायला घेतलं. एक चौकोन म्हणजे एक फूट. रंग भरले: स्वयंपाकघर पिवळं, देवघर भगवं, बेडरूम निळ्या. तीन आठवडे रोज रात्री मी खोल्या कॉपी-पेस्ट केल्या. स्वयंपाकघर दोन फुटांनी वाढवायचं तर दोन कॉलम घालायचे, की घर आपोआप मोठं! सिमेंट नाही, मजूर नाही, कंट्रोल-झेड आहे. एवढं सुख मला घर बांधताना पुन्हा मिळालं नाही. खालचा मजला एका शीटवर, वरचा दुसऱ्या शीटवर. बेसमेंट तिसऱ्या.

शेवटी मी बायकोला समोर बसवून घर दाखवलं. तिने कौतुकाने पाहिलं, आणि मग खालच्या शीटवरच्या जिन्यावर बोट ठेवून विचारलं, "इथून वर गेलो, की कुठे निघतो?"

मी वरची शीट उघडली. त्याच चौकोनांत, एम अठरा ते पी एकोणतीस, बाथटब होता.

"म्हणजे आंघोळ करूनच वर जायचं," ती म्हणाली. "पूर्वी विहिरीवरून येताना करायचे तसं."

मी म्हटलं, किरकोळ आहे, जिना सरकवू. जिना सरकवला तर तो देवघरात उतरला. देवघर सरकवलं तर ते वरच्या टॉयलेटच्या बरोबर खाली आलं, आणि हे साताऱ्याहून आईने व्हॉट्सअ‍ॅपवर, चष्मा नसताना ओळखलं. टॉयलेट हलवलं तर खालच्या पाइपांना भिंत उरेना. जिना म्हणजे जमिनीवरचा एक चौकोन अशी माझी समजूत होती. जिन्यात चढणाऱ्याच्या डोक्यावर किमान सहा फूट आठ इंच मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे त्यासाठी वरच्या मजल्याला लांबलचक भगदाड पाडावं लागतं, हे एक्सेलने मला कधीही सांगितलं नाही. सातारच्या गवंड्याला ते माहीत होतं. तो काठीने रेघ मारताना वर बघायचा म्हणे. बाबांना वाटायचं, पाऊस येतोय का ते बघतोय.

तरीही मी प्रिंट काढून टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावच्या पालिकेच्या, बांधकाम खात्यात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझी रंगीत पानं एकेक करून पाहिली, शेजारच्या बाईंनाही दाखवली. मग अतिशय प्रेमाने विचारलं, "घर तुम्ही स्वतः बांधणार? हातोडा वगैरे घेऊन?" मी म्हटलं, नाही, बिल्डर. तेव्हा कळलं की त्या नियमात 'स्वतः बांधणाऱ्या' असेही दोन शब्द होते. रात्री दीड वाजता ते माझ्या डोळ्यांखालून निसटले होते. बेसमेंटमधल्या पाहुण्यांच्या खोलीवर त्यांनी पेन्सिलने छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं. झोपायच्या खोलीला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी लागते, आणि तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच चालत नाही. माझ्या पाहुण्यांना मी खिडकीच ठेवली नव्हती. मनात काय होतं कुणास ठाऊक.

अशा रीतीने आमच्याकडे आर्किटेक्ट आला.

साठीचा गोरा गृहस्थ, खिशात पिवळ्या ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. मला वाटलं, आता रेघा मारील. दोन तास त्याने एकही रेघ मारली नाही. नुसते प्रश्न. सकाळी पहिलं कोण उठतं? चपला कुठे काढता? दोघांपैकी रात्री फोनवर कोण बोलतं? पाहुणे किती दिवस राहतात? मी म्हटलं, "दोन-तीन." बायको म्हणाली, "सहा महिने." आईबाबा येतात तेव्हा विमानतळावर बहुधा सहा महिन्यांचीच मुदत मिळते, आणि आपली माणसं मिळालेली मुदत वाया घालवत नाहीत. "मग त्यांच्या गुडघ्यांचं काय?" त्याने विचारलं. माझ्या एक्सेलमध्ये गुडघे नव्हते. माझं घर चाळिशीतल्या, कधीही न लंगडणाऱ्या, दोन माणसांचं होतं. त्याने पहिली रेघ मारली ती खालच्या मजल्यावरच्या खोलीची, बाथरूमसकट.

आणि मग, चष्म्यावरून बघत, "देवघर ईशान्येला ना? आणि शेगडी आग्नेयेला?" मी गार. त्याचं ऑफिस एडिसन गावाजवळ. अर्धी गिऱ्हाइकं आपलीच. त्याला वास्तुशास्त्र माझ्यापेक्षा जास्त येत होतं, आणि ते तो अंधश्रद्धा म्हणून न बघता सेटबॅकसारखं, म्हणजे हद्दीपासून जागा सोडायच्या नियमासारखं, बघत होता: उत्तरेला इतके फूट सोडायचे, ईशान्येला संडास नाही, पुढे बोला.

खरी लढाई स्वयंपाकघरात झाली. आम्हाला चिमणी हवी होती राक्षसासारखी, मिनिटाला १२०० घनफूट हवा ओढणारी. मिरच्यांचा खाट उठला तर शेजारच्या घरात कुणी शिंकता कामा नये. त्याने मान हलवली. इथली घरं थर्मासच्या बाटलीसारखी बंद. चिमणीने एवढी हवा बाहेर फेकली, तर घर ती कुठून तरी आत ओढणारच, आणि सोपा रस्ता म्हणजे गॅसच्या बंबाचं धुराडं. बाहेर जायचा धूर उलटा घरात. म्हणून चिमणी ४०० च्या वर गेली की बंबाचा प्रकार बघतात, आणि बहुधा बाहेरून ताजी हवा आत घ्यायची वेगळी सोय करावी लागते. "मग दुसरं छोटं स्वयंपाकघर करू, गॅरेजच्या बाजूला, फक्त फोडण्यांना," बायको म्हणाली. तर पुष्कळ टाउनशिपांना दुसरी शेगडी दिसली की संशय येतो, इथे गुपचूप भाडेकरू ठेवणार. एका फोडणीपायी आमचं घर दोन कुटुंबांचं ठरलं असतं. शेवटी ४०० च्या आतली, पण शेगडीपेक्षा रुंद आणि बाहेरच्या भिंतीला टेकून सरळ बाहेर जाणारी चिमणी ठरली. त्यासाठी शेगडी तीन फूट सरकली. आग्नेय सुटली नाही.

अंगणाचं मात्र जमलं नाही. प्लॉटचा किती भाग पाणी न मुरणारा असावा याला इथे मर्यादा असते. छप्पर, गाडीचा रस्ता, फरशी, सगळं त्यात मोजतात. माझ्या अंगणाची फरशी त्या हिशेबात बुडाली. तुळशीवृंदावन वाचलं, कारण नकाशात त्याने तिथे 'कुंडी' असं लिहिलं. तशीही ती नोव्हेंबर ते एप्रिल घरात, टीव्हीशेजारी असते.

सातारला रोज अहवाल जायचा. बाबांचा एकच प्रश्न, "स्लॅब कधी?" स्लॅब पडला की पेढे वाटायचे, हा त्यांचा नियम.

"बाबा, इथे वर स्लॅब नसतो."

"मग वर काय असतं?"

"लाकडी तुळया. त्यावर प्लायवुड."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग हळू आवाजात, "पैसे कमी पडतायत का?"

ते स्वतः आले तेव्हा सांगाडा उभा होता. त्यांनी खिशातून टेप काढली. 'टू बाय फोर' म्हणतात ती लाकडी पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते. सगळ्या देशात तशीच. त्यांनी तीनदा मोजलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "इथंही मापात मारतात रे." पेढे त्यांनी प्लायवुडवर उभं राहून वाटले. सुतार मेक्सिकोचे होते. त्यांना ते आपलेच काहीतरी वाटले, दोन-दोन घेतले.

आता माझी चूक. आर्किटेक्टच्या फीमध्ये शेवटचा हप्ता असतो बांधकामावर देखरेखीचा. आठवड्याला येऊन बघायचं, नकाशाप्रमाणे चाललंय का. नकाशा हातात आल्यावर मला वाटलं, आता आणखी याचं काय काम? बघायला डोळे तर मलाही आहेत. तो हप्ता मी कापला. त्याने खांदे उडवले, हात मिळवला आणि गेला.

वास्तुशांतीला देवघरात निरंजन लावलं. विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मागच्या दहा वर्षांत काय काय खाल्लं हे आठवू लागलो. आई पुटपुटली, "देवाला वारं लागतंय." वर पाहिलं. गणपतीच्या मुकुटावर नऊ इंचांवर हीटिंगची जाळी. नकाशात ती बाहेर पॅसेजमध्ये होती. नळकांडी बसवणाऱ्याला ती कोनाड्यात टाकणं सोपं गेलं असावं. त्या आठवड्यात मी तिथे दोनदा उभा होतो. एकदा तर, किती सफाईने बसवली, म्हणून तिचा फोटोही काढला होता. आता तिच्यावर लोहचुंबकाचं झाकण आहे. देव थंडीत बसतात, आईने त्यांना शाल आणली.

परवा एका मित्राचा फोन आला. कॅरोलायनात प्लॉट घेतलाय. "तू करून बसलायस, सांग, आर्किटेक्ट घेऊ का? मी तसा एक्सेलमध्ये काढलाय." मी त्याला म्हटलं, पाठव, आधी जिना बघू. दोन शीट्स आल्या. मी एकीवर एक ठेवून उजेडात धरल्या, बोटाने खालून वर गेलो. जिना पॅसेजमध्ये निघत होता, डोक्यावर जागा, शेजारी खिडकी, सगळं कसं जिथल्या तिथे. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिने एक मिनिट पाहिलं.

"जिना छान आहे," ती म्हणाली. "पुढचं दार कुठंय?"