पल्सची मोजणी प्रोग्रॅमवर का सोडू नये : एका प्रतिक्रियेला उत्तर

सेन्सरकडून येणारे पल्स, म्हणजे विजेच्या सिग्नलचे ठोके, मोजण्यासाठी संगणकात बसवायच्या काउंटर कार्डावरच्या माझ्या लेखाखाली ‘चिपळूणचा एक इंजिनिअर’ अशी सही करून आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे असे : मिनिटाला साठ डबे कोणताही संगणक सहज मोजेल, त्यासाठी स्लॉटमध्ये वेगळे कार्ड कशाला. तीन-चारशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, पुरतो. मी कार्डाची किंमत लपवली. शिल्डेड केबलचा (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे आवरण असलेल्या केबलचा) आग्रह अनाठायी आहे. लेखातली आकृती नीट दिसत नाही. आणि ‘लेखकाने कारखाना बाहेरूनच पाहिलेला दिसतो’. मतभेदाला माझी हरकत नाही. मात्र ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याच्या उभ्या आयुष्याच्या कामावर एका ओळीत शेरा मारणे मला सभ्यपणाचे वाटत नाही, आणि असा शेरा नाव न देता मारणे तर मुळीच नाही.

किंमत लेखात यायला हवी होती, हे मान्य करतो. ‘लपवली’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा. मी कार्डे विकत नाही.

आता ‘कोणताही संगणक सहज मोजेल’ या वाक्याकडे वळतो. रत्नागिरीजवळच्या आंब्याच्या पल्पच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे देखभाल विभागात काढली आहेत. मे महिन्यात हापूसचा माल एकदम आला की 850 ग्रॅम आणि 3.1 किलोच्या डब्यांच्या लाइन रात्रभर चालत. तिथे आधी आपण म्हणता तशीच व्यवस्था होती : प्रॉक्सिमिटी सेन्सरचा (डबा समोर आला की न शिवता ओळखणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल संगणकाच्या प्रिंटर पोर्टला दिलेला, आणि एक प्रोग्रॅम तो सतत वाचत बसलेला. पडद्यावरचा आकडा आणि गोदामातला आकडा जुळत नसे, ट्रक फाटकावर उभा राही आणि कामगारांना पहाटे डबे हाताने मोजावे लागत. हे सगळे मी आतून पाहिले आहे.

असे का होते, याचे कारण साधे आहे. मिनिटाला साठ ही सरासरी झाली. पट्ट्यावर डबे सरासरीने येत नाहीत, ते एकमेकांना खेटून येतात. पट्टा सेकंदाला 300 मिलिमीटर सरकत असेल आणि सेन्सरसमोर दोन डब्यांमधली फट 6 मिलिमीटरची असेल, तर सिग्नल जेमतेम 20 मिलिसेकंद खाली येतो. विंडोजचा नेहमीचा टायमर सुमारे 15.6 मिलिसेकंदांनी टिक देतो. प्रोग्रॅम त्या टिकवर जागा होत असेल आणि त्याच वेळी छपाई किंवा अँटिव्हायरस मध्ये आला, तर ती फट कोणी पाहतच नाही, आणि दोन डब्यांचा एक डबा होतो. कार्डावरचा काउंटर ऑपरेटिंग सिस्टिमची वाट पाहत नाही. कडा, म्हणजे सिग्नल वर किंवा खाली जाण्याचा क्षण, आली की आकडा बदलतो. जुन्या कार्डांवर सर्रास दिसणाऱ्या इंटेल 8254 या चिपमध्ये 16 बिटांचे तीन स्वतंत्र काउंटर असतात आणि ते 10 मेगाहर्ट्झपर्यंत चालतात. प्रोग्रॅमने सवडीने येऊन आकडा तेवढा वाचायचा, तोही आधी लॅच करून, म्हणजे त्या क्षणाचा आकडा धरून ठेवून. कारण हा काउंटर उलटा मोजतो आणि 256 वरून 255 वर उतरताना एक बाइट आधीचा व दुसरा नंतरचा वाचला गेला, तर हाती शून्य येते.

राहिला आपला मायक्रोकंट्रोलर. आर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डावरच्या एटमेगा 328पी या मायक्रोकंट्रोलरमध्येही टायमर-1 हा 16 बिटांचा हार्डवेअर काउंटर आहे. तो वापरून मोजणी बरोबर येत असेल, तर ती काउंटर स्वतंत्र असल्यामुळेच येते, म्हणजे आपले उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते. डब्यांपुरता तो चालेलही. परंतु लेख फक्त डब्यांविषयी नव्हता, आणि तो शेवटपर्यंत वाचला असता तर हे आपल्या लक्षात आले असते. फेऱ्याला 1000 पल्स देणारा एन्कोडर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याची गती दोन चॅनेलवरच्या पल्सांनी कळवणारा सेन्सर, मिनिटाला 600 फेऱ्यांनी फिरत असेल आणि दोन्ही चॅनेलच्या सगळ्या कडा मोजायच्या असतील, तर सेकंदाला 40,000 मोजण्या होतात. 16 बिटांचा काउंटर 65,536 वर, म्हणजे दीड-पावणेदोन सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. 32 बिटांच्या कार्डाला त्यासाठी जवळजवळ 30 तास लागतात.

शिल्डेड केबलविषयी आपण कारण काहीच दिलेले नाही, त्यामुळे उत्तर देण्यासारखेही काही नाही. मोटारीच्या ड्राइव्हशेजारून उघडी वायर एकदा नेऊन पाहावी. लेखातली आकृती माझ्या पडद्यावर तरी स्पष्ट दिसते.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुन्हा लिहायचे असेल तर आपल्या लाइनवरचा पट्ट्याचा वेग, डब्यांमधली सर्वांत लहान फट आणि सेन्सरचा प्रकार कळवावा. त्या आकड्यांवर मी अवश्य बोलेन.