जेमी फ्रेझर सदाशिव पेठेत का नाही?

ऐतिहासिक चित्रपटाचा ट्रेलर आला की पुण्यात पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. 2015 मध्ये 'बाजीराव मस्तानी'तल्या 'पिंगा'वरून वाद पेटला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतीलच कशा, असा प्रश्न होता. पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि डिसेंबरात चित्रपट लागला तेव्हा पुण्यात निदर्शनं होऊन काही खेळ रद्द झाले. 2025 च्या जानेवारीत 'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले, आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकलं. आमच्या घरच्या ग्रुपवर दोन्ही वेळा तेच दोन तट पडले. एक म्हणतो, आमच्या राजांना नाचवता? दुसरा म्हणतो, तुम्हाला कलेतलं काही कळत नाही.

मी एडिंबरात राहते. परदेशात राहणाऱ्याने अशा वेळी 'इकडे बघा लोक किती मोकळे' असं लिहायचं, अशी एक प्रथा आहे. ती मला पाळता येणार नाही, कारण इकडचे लोकही प्रसंगी चांगलेच पेटतात. त्याबद्दल पुढे सांगते. आधी 'आउटलँडर' या मालिकेबद्दल.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दुसरं महायुद्ध संपलंय, क्लेअर नावाची युद्धातली नर्स 1945 मध्ये नवऱ्याबरोबर इन्व्हरनेसला सुट्टीवर येते, डोंगरावरच्या उभ्या शिळांना हात लावते आणि थेट 1743 मध्ये पोचते. तिथे तिला जेमी फ्रेझर भेटतो. तीन वर्षांवर कलोडनची लढाई, म्हणजे राजपुत्र चार्ल्स स्ट्युअर्टच्या बंडाचा शेवट, येऊन ठेपलीय, तिचा निकाल क्लेअरला ठाऊक आहे आणि बाकी कोणालाच नाही. 2014 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेच्या मूळ कादंबऱ्या डायना गॅबल्डन यांच्या. त्या अमेरिकन, ॲरिझोनाच्या, आणि पहिली कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्यांनी स्कॉटलंड पाहिलेलंही नव्हतं. हे पुण्यात घडलं असतं तर? आपण सगळ्यांनीच कल्पना करून बघावी.

आमची नारायण पेठेतली मावशी ही मालिका माझ्या आधी पाहून बसली होती. जेमीला ती 'तुझा तो घागरेवाला' म्हणते. पण तिचा जीव अडकलाय फ्रँकमध्ये, म्हणजे क्लेअरच्या विसाव्या शतकातल्या नवऱ्यात. "फ्रँकचं काय चुकलं गं?" हा तिचा कायमचा प्रश्न. आणि खरंच, काय चुकलं? बायको नाहीशी होते, तीन वर्षांनी परत येते ती दुसऱ्याचं मूल पोटात घेऊन, दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाची गोष्ट सांगते, आणि हा माणूस ते मूल आपलं म्हणून वाढवतो. बॉस्टनच्या त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी इतकं सभ्यपणे वागतात की बघवत नाही. मावशीने एकदा फोनवर सहज म्हटलं, "म्हणजे हा काशीबाईच की." मला ते इतकं पटलं की पुढचे सगळे भाग मी त्याच नजरेने पाहिले. त्यात टोबायस मेंझिस या एकाच नटाने फ्रँक आणि त्याचा क्रूर पूर्वज ब्लॅक जॅक रँडल, दोघंही केलेत. ज्या चेहऱ्याची भीती बसली त्याच चेहऱ्याची कीव करायला लावणं, हे या मालिकेतलं मला सगळ्यात आवडलेलं धाडस.

प्रेमकथा म्हणाल तर तिचा जोर चेहरे आणि मेणबत्त्यांपेक्षा एका साध्या उलटापालटीत आहे. नायिका वयाने मोठी, लग्न झालेली, युद्ध पाहिलेली, हाताला कसब असलेली. नायक अननुभवी. त्यांचं लग्नही प्रेमाने होत नाही. इंग्रज अधिकाऱ्याच्या तावडीतून तिला सोडवायचं तर तिला कायद्याने स्कॉटिश करायला हवं, म्हणून जेमीचा मामा डूगल ते जुळवतो. आधी सोय, मग ओळख, मग जीव जडणं. हा क्रम आपल्या आज्यांना कुणी समजावून सांगायला नको. आणि वीस वर्षांच्या ताटातुटीनंतर ती एडिंबराच्या छापखान्यात त्याच्यासमोर उभी राहते तेव्हा हा धिप्पाड गडी चक्क मूर्च्छा येऊन पडतो. ते जिथे चित्रित झालं त्या बेकहाउस क्लोजमधून मी येता-जाता चालते. तिथे हमखास कोणीतरी फोटो काढत असतं.

सगळंच गोड नाही. पहिल्या सत्रात जेमी क्लेअरला पट्ट्याने मारतो आणि मालिका त्याला हलकंफुलकं संगीत लावते, तिथे माझं आणि मालिकेचं पहिलं भांडण झालं. पुढे बलात्कार हे कथा पुढे ढकलायचं साधनच होऊन बसतं: जेमीवर, मुलीवर, क्लेअरवर. पहिल्या वेळी, जेमीच्या बाबतीत, त्याचे परिणाम गांभीर्याने दाखवलेत. नंतर नंतर लेखकांना दुसरं काही सुचत नाही असं वाटू लागतं. जेमी-क्लेअर अमेरिकेत गेल्यावर तर अपहरण आणि सुटका, अपहरण आणि सुटका. इतिहासाचंही तसंच. कलोडनला सरकारी फौजेतही स्कॉट होते, पण प्रेक्षकाच्या मनात ठसतं ते इंग्रज विरुद्ध स्कॉट.

तरी या मालिकेवरून स्कॉटलंडमध्ये कोणी चित्रपटगृह बंद पाडलं नाही. का? लोक सहनशील आहेत म्हणून, हे उत्तर चुकीचं आहे. 1995 च्या 'ब्रेव्हहार्ट' चित्रपटात स्कॉटलंडसाठी इंग्रजांशी लढलेल्या विल्यम वॉलेसचं फ्रान्सच्या राजकन्येशी प्रेम दाखवलं. वॉलेसला 1305 मध्ये देहान्त शिक्षा झाली तेव्हा ती इझाबेला दहाएक वर्षांची पोर होती, फ्रान्समध्ये. इतिहासकार अजून त्यावर दात खातात. 1997 मध्ये स्टर्लिंगच्या वॉलेस स्मारकाच्या वाहनतळावर वॉलेसचा पुतळा बसवला, त्याला चेहरा चित्रपटात वॉलेस झालेल्या मेल गिब्सनचा. लोकांनी त्याची इतकी मोडतोड केली की पुतळ्याला पिंजऱ्यात ठेवावं लागलं, आणि शेवटी तो तिथून हलवलाच. म्हणजे राष्ट्रपुरुष घ्या, त्याला प्रेमप्रकरण चिकटवा, आणि इथेही पुणंच होतं.

राजकारणसुद्धा आहे. 'आउटलँडर' अमेरिकेत लागली 2014 च्या ऑगस्टमध्ये, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत झालं सप्टेंबरात, आणि ब्रिटनमध्ये ती दिसली 2015 उजाडल्यावर. ही मालिका बनवणाऱ्या सोनी कंपनीच्या फुटलेल्या ई-मेलमध्ये पंतप्रधान कॅमेरून यांच्या भेटीच्या संदर्भात या मालिकेचा उल्लेख निघाला तेव्हा इथे बऱ्याच भुवया उंचावल्या. कोणी काही कबूल केलं नाही.

जेमीच्या बाबतीत लोक शांत राहतात याचं कारण एवढंच की जेमी नव्हताच. राजपुत्र चार्ल्स स्ट्युअर्ट खरा, कलोडन खरं, 16 एप्रिल 1746 ही तारीख खरी, तासाभरात झालेली कत्तल खरी. त्यातला प्रेम करणारा माणूस तेवढा कल्पित. त्याला अंथरुणात दाखवा, रडवा, बेशुद्ध पाडा, कोणाच्या पणजोबाची अब्रू जात नाही. कलोडनच्या माळावर 1881 मध्ये कुळांच्या नावाने दगड उभे केले आहेत, एकेका माणसाचं नाव त्यांच्यावर नाही. फ्रेझर कुळाच्या दगडापाशी लोक इतक्या संख्येने फुलं ठेवायला येतात की आसपासचं गवत पार तुडवलं गेलं. कल्पित माणसासाठी आलेले हे लोक तिथे खऱ्या मेलेल्यांपाशी उभे राहतात. यात इतिहासाचा अपमान कुठे होतो, मला दिसत नाही.

ही युक्ती इथलीच, जुनी. वॉल्टर स्कॉटने 1814 च्या 'वेव्हर्ली'त याच बंडात एक कल्पित तरुण सोडला होता. त्या कादंबरीचं नाव आमच्या मुख्य रेल्वे स्टेशनला आहे. आणि ही युक्ती पुण्यालाही नवी नव्हती. ह. ना. आपट्यांनी आपल्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'उषःकाल' लिहिली तेव्हा शिवकालात कितीतरी कल्पित माणसं हिंडवली, आणि वाचकांनी पुढच्या अंकाची वाट पाहिली. मग आपण ही वाट सोडली कधी? माझा संशय विसाव्या शतकातल्या चरित्रात्मक कादंबरीवर आहे. ती इतकी लोकप्रिय झाली की ऐतिहासिक म्हटलं की नायक पेशवाच हवा, नाहीतर छत्रपती. मालिका आणि चित्रपट त्याच रांगेत उभे राहिले. त्यामुळे प्रेमात पडायला आपल्याकडे उरली फक्त ती माणसं, ज्यांचे पुतळे चौकात आहेत. पुतळ्यांनी प्रेम कसं करायचं? मग पिंगा, लेझीम, आणि निवेदनं.

आक्षेप घेणाऱ्यांना मी सरसकट वेडं म्हणणार नाही. येसूबाई कित्येक वर्षं मोगलांच्या कैदेत राहिल्या. त्यांच्या वाट्याला पडद्यावर ओवाळणं आणि डोळ्यांत पाणी आणणं एवढंच काम येत असेल तर राग यायलाच हवा. फक्त तो नाचापेक्षा त्या रिकामपणाचा यावा.

कच्चा माल नाही असंही नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, मोडीतले रुमालच्या रुमाल. सरदेसायांनी 1930 ते 1934 मध्ये त्यातले निवडक कागद 45 खंडांत छापले, तरी मागे उरलं ते त्याहून किती तरी मोठं. तंटे, वतनं, दंड, पाट, कुणबिणींची खरेदी-विक्री, सगळं त्या काळाच्या कागदांत आहे. पानिपतावरून आलेल्या त्या प्रसिद्ध निरोपात दोन मोती गळाल्याचं, सत्तावीस मोहरा गेल्याचं सांगून रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, असं म्हटलंय. मोत्यांवर आपण कादंबऱ्या, मालिका, चित्रपट केले. खुर्दा तसाच पडून आहे.

अर्थात क्लेअर उचलून शनिवारवाड्यात ठेवता येणार नाही. हायलँडमध्ये तिच्यावर चेटकिणीचा आळ येतो. पेशवाईतल्या पुण्यात पहिला प्रश्न येईल, कोणाची? जात काय, कुंकू का नाही, विधवा असेल तर केस कसे राखले? एका दिवसात लग्न लावून द्यायला कुठला डूगल तयार होईल? रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडली तर कोतवाल नेईल. निर्माते राजवाड्यातून बाहेर पडत नाहीत त्याचं खरं कारण हेच असावं. झुंबरं परवडतात, हे प्रश्न परवडत नाहीत.

तरी मी एक सुचवते. सदाशिवरावभाऊ 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर पडले. पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. 1783 मध्ये मरेपर्यंत त्यांनी विधवेचा वेश घेतला नाही. मधल्या काळात भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गोळा झाली, आणि 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. वीस वर्षं वाट पाहणारी बाई क्लेअरच्या आधी आपल्याकडे होऊन गेली आहे. तिला नायिका करू नका, निवेदनं येतील. तिच्या पदरी असलेली एखादी कल्पित तरुणी घ्या, आणि पानिपतावरून परतलेला एक साधा शिलेदार, ज्याने भाऊंना पडताना डोळ्यांनी पाहिलंय. त्याने बोलावं तर पार्वतीबाईंचं कुंकू जातं, गप्प राहावं तर तोतयाचं फावतं, आणि तो कुठे गुंतलाय तर त्यांच्याच वाड्यात.

मावशीला हे फोनवर ऐकवलं. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण त्या शिलेदाराची पहिली बायको कुठे असते?" चासला माहेरी, असं मी ठोकून दिलं. आता ती म्हणते, मालिका तिथूनच सुरू कर.