३.१ स्लॉटचे कार्ड

संगणकाच्या कॅबिनेटच्या माहितीपत्रकावर छापलेले असते की त्यात ३३० मिलिमीटर लांबीपर्यंतचे ग्राफिक्स कार्ड बसते, कार्डाच्या खोक्यावर छापलेले असते की कार्डाची लांबी ३२३ मिलिमीटर आहे, आणि तरीही ते कार्ड त्या कॅबिनेटमध्ये जात नाही. दोन्ही मापे खरी, दोन्ही कंपन्या निर्दोष, दुकानदार तर जन्मजात निर्दोष, आणि पन्नास-साठ हजार रुपये मोजलेले गिऱ्हाईक मात्र हातात स्क्रू ड्रायव्हर धरून उघड्या डब्यापुढे बसलेले. मुलीच्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी, रेंडरिंगला, म्हणजे आराखड्याचे खरे वाटेल असे चित्र तयार व्हायला, रात्र-रात्र लागू नये म्हणून हे कार्ड घेतले. घेण्यापूर्वी मी दोन्ही कंपन्यांचे कागद शेजारी ठेवून वाचले होते, आणि त्या कागदांच्या भरवशावर सात मिलिमीटर शिल्लक राहत होते.

चौकशी केल्यावर कळले की ते ३३० मिलिमीटर पुढचा पंखा काढल्यानंतरचे आहेत. पंख्याची जाडी २५ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात हाती उरतात ३०५. ठीक आहे, पण मग तो पंखा कारखान्यातूनच बसवून का पाठवला? वस्तू ज्या अवस्थेत विकता त्याच अवस्थेतले माप छापायला नको का? माझी नोकरीची सगळी वर्षे अंबडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या सुट्या भागांची ड्रॉइंग वाचण्यात गेली. माप कुठून कुठपर्यंत घेतले आहे हे न दाखवलेले ड्रॉइंग आमच्याकडे कोणी प्रेसवर चढवले नसते, आणि चढवले असतेच तर सगळा लॉट रिजेक्ट होऊन परत आला असता. इथे मात्र काही कंपन्या मागची ब्रॅकेट धरून कार्डाची लांबी सांगतात, काही ती वगळून सांगतात, आणि आपण कोणती पद्धत वापरली हे सांगण्याचे सौजन्य क्वचितच कोणी दाखवते.

दुकानात याबद्दल विचारले तर उत्तर तयार होते. “काका, पुढचा फॅन काढून टाका, काही फरक पडत नाही.” नाशिकमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, कार्ड स्वतः शेकड्यांनी वॅट उष्णता बाहेर फेकते, आणि त्याला हवा देणारा पंखा काढल्याने काही फरक पडत नाही! कार्ड परत घेण्याविषयी बोललो, तर खोक्याचे सील तुटले असल्याने तो विषय तिथेच मिटला. सील तोडल्याशिवाय कार्ड बसते की नाही हे पाहायचे कसे, या प्रश्नाला अर्थातच उत्तर मिळाले नाही.

लांबीचा घोळ निदान मिलिमीटरमध्ये तरी असतो. जाडी सांगण्याची जी रीत या धंद्याने रूढ केली आहे, ती मोजमापाच्या कुठल्याच शिस्तीत बसणारी नाही. इंटेलने १९९५ मध्ये मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य बोर्ड) आणि कॅबिनेट यांच्या मापांचे एटीएक्स हे मानक आणले, आणि त्यात दोन शेजारच्या स्लॉटमधले, म्हणजे बोर्डावर कार्डे खोचण्याच्या खाचांमधले, अंतर ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिलिमीटर ठरले. ते अंतर आजही तेच आहे. पूर्वी एक कार्ड एक स्लॉट घेत असे. मग दोन घेऊ लागले. आता खोक्यावर ‘२.७५ स्लॉट’, ‘३.१ स्लॉट’ असे आकडे छापून येतात. स्लॉटचा दशांश ही काय चीज आहे? मदरबोर्डावर पाव स्लॉट नसतो आणि एक दशांश स्लॉटही नसतो. ३.१ स्लॉटचे कार्ड म्हणजे चौथा स्लॉटही गेला, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ आहे, आणि तो लपवण्यासाठीच हा दशांश वापरला जातो असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आमच्या घरातला बोर्ड मायक्रो-एटीएक्स, म्हणजे एटीएक्सपेक्षा आखूड आहे. किंमत परवडते म्हणून आपल्याकडे असंख्य लोक तोच घेतात. त्याच्या आकारात जास्तीत जास्त चार स्लॉट मावतात, आणि आमच्या बोर्डावर ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉट सगळ्यात वरचा आहे. म्हणजे ३.१ स्लॉटचे कार्ड बसवले की खालचे सगळे स्लॉट त्याच्या सावलीत गेले. तिथे खालच्या आखूड स्लॉटमध्ये वाय-फायचे कार्ड होते, कारण इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये राउटर हॉलमध्ये आहे, मुलीची खोली दुसऱ्या टोकाला आहे आणि भिंतीतल्या जुन्या पाइपमधून नवी वायर काही केल्या पुढे सरकत नाही. ते वाय-फाय कार्ड आता ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्याच्या जागी यूएसबीचा बोटभर डोंगल लावावा असा सल्ला मिळाला, तोही पाळला, आणि आता मोठी फाइल खाली उतरवायची असली की मुलगी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये येऊन बसते. एक कार्ड घातल्यावर दुसरे कार्ड घालताच येत नसेल, तर त्या बोर्डावर उरलेले स्लॉट बसवले तरी कशासाठी?

पंखा काढून, कार्ड तिरके धरून, कॅबिनेटच्या मागे स्लॉटसमोर असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या मोडून अखेर ते आत गेले. (त्या पट्ट्या एकदा मोडल्या की पुन्हा बसवता येत नाहीत, आणि त्यांच्या कडांना इतकी धार असते की बोट कापल्याशिवाय त्या निघत नाहीत. पत्रा कापल्यावर बर, म्हणजे कडेला राहिलेली धार, काढावी लागते हे आमच्याकडे शिकाऊ मुलालाही पहिल्या आठवड्यात कळते.) मग पुढचे संकट उभे राहिले ते रुंदीचे. मानकात या रुंदीलाच उंची म्हणतात, आणि पूर्ण उंचीच्या कार्डाची मर्यादा १११ मिलिमीटरच्या आसपास आहे. आजची मोठी कार्डे सर्रास १३५-१४० मिलिमीटरपर्यंत जातात, आणि विजेची जोडणी त्याच वरच्या कडेला असते. म्हणजे कार्डाच्या वर केबलला वळायला आणखी जागा हवी. सोळा पिनांच्या नव्या केबलला वळण देण्याआधी तीन-साडेतीन सेंटिमीटर सरळ राहू द्यावे, असे केबल बनवणारे स्वतः सांगतात. ही जागा किती आहे, हे कॅबिनेटच्या कागदावर कुठेच नसते. प्रोसेसरच्या कूलरची उंची असते, कार्डाची लांबी असते, पण कॅबिनेटच्या बाजूची काच आणि कार्ड यांच्यामध्ये किती अंतर उरते हे विचारणारा जणू कोणी जन्मालाच आलेला नाही.

ही तक्रार क्षुल्लक आहे असे कोणी म्हणू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे कार्ड बाजारात आले आणि काही आठवड्यांत त्याच्या सोळा पिनांच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. बहुतेक प्रकरणांत जोडणी पूर्ण आत बसलेली नव्हती, असा निष्कर्ष ते कार्ड आणणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने काढला, म्हणजे दोष पुन्हा बसवणाऱ्याच्या हाताचा. पुढच्याच वर्षी त्या जोडणीची सुधारित आवृत्ती आणली गेली आणि तिच्यातल्या संवेदक पिना आखूड केल्या गेल्या, जेणेकरून जोडणी अर्धवट बसली तर कार्डाला वीजच मिळू नये. हातच चुकत होता तर पिना आखूड कशाला केल्या? आणि केबलवर काचेचा दाब असताना ती पूर्ण आत टिकून राहील, ही अपेक्षा कोणाच्या भरवशावर? त्यामुळे आमच्याकडे बाजूची काच उघडीच ठेवली आहे, आणि सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात जी खोदाई चालू आहे तिची धूळ थेट मदरबोर्डावर येऊन बसते आहे.

वजनाविषयी तर बोलायलाच नको, पण बोलतोच. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये लांब कार्डाचे पुढचे टोक कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या खाचेत अडकत असे, म्हणजे कार्डाला दोन्ही बाजूंनी आधार मिळे. ती कार्डे आजच्या मानाने पापडाइतकी हलकी होती. आज दोन किलोच्या आसपास वजनाचे कार्ड मागचे दोन स्क्रू आणि एक प्लास्टिकचा स्लॉट यांच्यावर आडवे लटकवले जाते, ते खाली झुकते, आणि ते झुकू नये म्हणून टेकू वेगळा विकत घ्यावा लागतो. चाळीस वर्षांपूर्वी जी गोष्ट कॅबिनेटबरोबर मिळत होती, ती आता रंगीत दिवे लावून ॲक्सेसरी म्हणून विकली जाते.

सगळ्यात संताप येतो तो स्लॉटच्या टोकाला असलेल्या खटक्याचा. कार्ड काढायचे तर तो दाबावा लागतो, आणि तो असतो नेमका कार्डाच्या पोटाखाली, जिथे बोट तर सोडाच, नखही पोहोचत नाही. मी आइसक्रीमची लाकडी काडी तासून घेतली आहे. एका हाताने कार्ड पेलायचे, दुसऱ्या हाताने ती काडी अंदाजाने खाली घालायची आणि खट् असा आवाज येईपर्यंत चाचपडत राहायचे. काही महागड्या बोर्डांवर आता यासाठी बाजूला बटण दिले जाते, म्हणजे उपाय माहीत आहे, फक्त तो स्वस्त बोर्ड घेणाऱ्याला द्यायचा नाही. त्यात भर म्हणजे एम.२ एसएसडीची, म्हणजे फाइली साठवणाऱ्या चपट्या पट्टीची, जागा बोर्ड बनवणाऱ्यांनी बरोबर त्याच कार्डाखाली ठेवली आहे. मुलीच्या फाइलींनी जुनी एसएसडी भरली म्हणून नवी आणली, पण ती बसवायची तर टेकू काढा, केबल काढा, स्क्रू काढा, काडी शोधा, खटका दाबा आणि ते सगळे धूड पुन्हा बाहेर ओढा. नवी एसएसडी अजून खोक्यातच आहे, आणि मुलगी रोज विचारते, “बाबा, आज बसवताय ना?”