माझा पाय रुंद नाही, तुमचा बूट अरुंद आहे

"मॅडम, तुमचा पाय जरा पसरट आहे, म्हणून त्रास होतोय." ट्रेकिंगच्या बुटांच्या दुकानात हे वाक्य आता पुन्हा कुणी ऐकवलं तर मी तिथल्या तिथे भांडणार आहे. पसरट म्हणजे कुणापेक्षा पसरट? माझ्या आईचा पाय असा आहे, मावशीचा असा आहे, माझ्याबरोबर डोंगरात येणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांचा असाच आहे. चवड्याला रुंद, टाचेला निमुळता. तुम्ही विकताय तो बूट कुणाच्या पायावर बेतलाय ते आधी सांगा, माझ्या पायाला नंतर नावं ठेवा.

ज्यांना वाटतं की बुटासाठी एवढा आरडाओरडा कशाला, त्यांनी एकदा चावणारा बूट घालून गड उतरून बघावा. चढताना काही कळत नाही. बूट काय लायकीचा आहे ते उतरताना कळतं. राजगडावरून चोरदिंडीने गुंजवण्याला उतरा, तोरण्यावरून वेल्ह्याला या, नाहीतर हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढून साधले घाटाने पायथ्याच्या बेलपाड्यात उतरा. दर पावलाला अंगाचं आणि पाठीवरच्या सॅकचं सगळं वजन पाय पुढे ढकलतं. पुढे जागा नसली की अंगठ्याचं नख बुटाच्या नाकावर आपटत राहतं आणि करंगळी अडकित्त्यात धरल्यासारखी चेपते. पायथ्याच्या गावात पोचेपर्यंत नखाखाली रक्त साकळलेलं असतं. दोन दिवसांत नख काळंनिळं, काही आठवड्यांनी ते गळून पडतं, आणि नवं यायला महिने लागतात. त्या महिन्यांत पुढचा ट्रेक आला की तोच पाय, तोच बूट.

आणि हे काळं नख लोक कौतुकाने दाखवतात! ग्रुपवर फोटो टाकतात, खाली अंगठे पडतात, "खरा ट्रेकर" म्हणून शाबासकी मिळते. अरे, ती इजा आहे. ती टाळता येते. बूट नीट बसत असेल तर धडधाकट माणसाची नखं गड उतरून काळी पडत नाहीत.

दुकानात तक्रार केली की एकच तोडगा: "एक नंबर मोठा घ्या." हा सल्ला देणाऱ्याने बुटाचा नंबर म्हणजे काय ते कधी समजून घेतलंय का? आपल्याकडे चालतो तो ब्रिटिश नंबर. एक नंबर वाढला की लांबी वाढते इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. चवड्यापाशी रुंदी वाढते ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. मला लांबी नकोच आहे, रुंदी हवी आहे. मोठा नंबर घेतला की चवडा तरीही आवळलेलाच राहतो, वर टाच मोकळी होते आणि दर पावलाला वरखाली घासते. मग टाचेला फोड. शिवाय बूट जिथे वाकायला हवा ती जागा बोटांच्या पुढे सरकते, त्यामुळे तो भलत्याच ठिकाणी मुडपतो आणि पायाच्या वरच्या बाजूला रुततो. म्हणजे आधी एक दुखणं होतं, आता तीन. वर ऐकायचं काय, तर "जाड मोजे घाला". जाड मोज्याने आवळलेला चवडा आणखी आवळतो हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागतो?

दुसरा आवडता सल्ला, "वापरून सैल होतील." चामड्याचे होते तेव्हा थोडेफार व्हायचे. आज जे मिळतात त्यांना पुढून बोटांवर रबराचा कडक पट्टा असतो, बाजूने चिकटवलेलं सिंथेटिक कापड असतं. ते वर्षभर घातलं तरी तसूभर पसरत नाही. सैल होतो तो आतला फोम, आणि तो सैल झाला म्हणजे बूट संपला.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो पाय कुणी मोजतच नाही याचा. पायाची लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर अशी तिन्ही मापं एका पट्टीवर घेणारं साधन अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात केलं. धातूची एक पाटी, दोन सरकत्या पट्ट्या. वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. त्याला आता शंभर वर्षं होत आली. आठ-दहा हजारांचे बूट विकणाऱ्या, एसी लावलेल्या, काचेच्या दुकानात ती पाटी मला आजवर दिसलेली नाही. आत गेलं की "नंबर काय?" एवढंच विचारतात. पूर्वी चांभार कागदावर पाय ठेवायला सांगायचा, पेन्सिलीने भोवती रेघ ओढायचा, चवड्याभोवती दोरा गुंडाळून घेर घ्यायचा. त्याच्याकडे डिग्री नव्हती, पण पाय हा लांब असतो तसा रुंदही असतो आणि जाडही असतो हे त्याला ठाऊक होतं.

आणि हे नुसतं माझं रडगाणं आहे असं समजू नका. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्रीडी स्कॅन केले. निष्कर्ष काय आला? भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या पायापेक्षा रुंद असतात, आणि आपण अरुंद बुटांत बसावं म्हणून गरजेपेक्षा लांब बूट घेतो. शब्दाशब्दाने तेच, जे दुकानात मला माझा दोष म्हणून ऐकवलं जातं! त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवली गेली. त्या 'भा'ची अक्षरं एकाही ट्रेकिंगच्या बुटाच्या खोक्यावर माझ्या नजरेस पडलेली नाहीत. इंग्रज गेले, त्यांचा नंबर मात्र आपल्या पायात अजून आहे.

बरं, आपल्याला बूट करता येत नाहीत म्हणावं तर तसंही नाही. चीननंतर जगात सर्वांत जास्त पादत्राणं भारतात बनतात. तमिळनाडूत आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट या पट्ट्यात, तिकडे आग्ऱ्याला, युरोपात जाणारे बूट शिवले जातात. ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, बूट चढवतात तो फर्मा तिकडच्या पायाचा. आपले कारागीर परक्या पायांच्या मापाचे बूट मिलिमीटरच्या हिशेबाने अचूक शिवतात आणि संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या स्वतःच्या पायात काय असतं? परदेशी कंपन्या त्यांच्या स्वतःच्या देशात तोच बूट नेहमीचा, रुंद, अतिरुंद अशा मापांत विकतात. अमेरिकेत तर रुंदीला अक्षरंच ठरलेली आहेत, पुरुषांचा साधा 'डी', त्यापुढे 'टू-ई', 'फोर-ई'. इथे येताना फक्त मधलं एक माप येतं. का? आमचे पैसे अरुंद आहेत का?

बायकांचं तर विचारूच नका. भिंतभर पुरुषांचे बूट आणि कोपऱ्यात बायकांची एक फळी. त्यात गुलाबी, जांभळा, आकाशी, जणू रंग बदलला की बायकांचा बूट झाला. कित्येकदा तो पुरुषांच्याच बुटाची बारकी आवृत्ती असतो. टाच ढगळ, चवडा चिंचोळा, म्हणजे दोन्हीकडून उलटं. पुरुषांच्या फळीवर रुंद काही सापडलं तर त्यांचे नंबर सहापासून सुरू. माझी मैत्रीण, चार नंबर वापरणारी, लहान मुलांच्या विभागातून बूट घेते. मुलांच्या बुटाला ना घोट्याला आधार, ना तळाला जाडी. त्या बुटांवर ती सॅक घेऊन कुलंग किल्ल्याचा घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार, उतरते. तिचा घोटा मुरगळला तर सगळे म्हणणार, बायकांना झेपत नाही.

आता तळाबद्दल. घसरतो. आपला डोंगर बेसॉल्टचा. उन्हाळ्यात मुरूम आणि घसारा, पावसाळ्यात त्याच कातळावर शेवाळाचा थर. कडक, टिकाऊ रबर शेवाळावर धरत नाही, मऊ रबर धरतं पण लवकर झिजतं, एवढं साधं गणित आहे. तरी कुठल्या रबराचा तळ आहे हे विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, ग्रिप एकदम बेस्ट." कुठे? दुकानातल्या कोरड्या टाइल्सवर? १९३५ मध्ये आल्प्समध्ये विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती मेले, पायातले बूट त्या हवेला पुरेसे नव्हते हे त्यामागचं एक मोठं कारण. त्यानंतर त्याने खोल खाचांचा रबरी तळ तयार केला, १९३७ मध्ये तो बाजारात आला, आणि आज जगभरच्या डोंगरी बुटांखाली तसलेच तळ असतात. म्हणजे बुटाच्या तळाचा प्रश्न जिवाशी आहे हे जगाला नव्वद वर्षांपूर्वी कळलंय. आमच्या विक्रेत्याला मात्र बुटाचा रंग ड्रेसला मॅच होतो का याची काळजी.

वॉटरप्रूफचा तर नुसता बाजार मांडलाय. युरोपातल्या भुरभुर पावसात आणि ओल्या गवतात बुटाच्या आतला तो पाणी अडवणारा पडदा उपयोगी असेल. इथे महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. ओढे गुडघाभर पाण्यातून ओलांडायचे असतात. पाणी वरून, घोट्यातून आत शिरतं आणि आत शिरलेलं पाणी त्याच पडद्यामुळे बाहेर पडत नाही. दिवसभर पाय पाण्यात भिजून पांढराफटक, सुरकुतलेला, आणि भिजलेल्या कातडीला फोड लवकर येतात. सह्याद्रीच्या पावसाला पाणी अडवणारा बूट नको, पाणी झटकन निचरणारा हवा. हे ऐकून घ्यायला कुणी तयारच नाही, कारण 'वॉटरप्रूफ'चे दोन-तीन हजार जास्त लावता येतात.

सवलतीत मिळालेल्या बुटांचा तळ भर वाटेत सुटलेला तर बहुतेकांनी पाहिला असेल. माझा रतनगडाच्या वाटेवर सुटला. बूट जवळजवळ नवा. तळात मधला जो पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा थर असतो तो हवेतल्या दमटपणाने आतल्या आत विरतो, न वापरता नुसता खोक्यात पडून राहिला तरी. काही वर्षं गोदामात पडलेला माल असा चकचकीत दिसतो आणि पहिल्या मोठ्या चालीत भुगा होतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर नेमकं त्याच जागी "४० टक्के सूट"चं स्टिकर चिकटवलेलं होतं. दुकानदार म्हणाला, ट्रेकला वापरलेल्या बुटांना वॉरंटी नाही. ट्रेकिंगच्या बुटांना!

ऑनलाइन घ्यावेत तर घालून बघता येत नाहीत, आणि घरात चार पावलं चालून परत केले तर "तळ वापरलेला दिसतो" म्हणून परत येतात. पाय दिवसभरात सुजतो, म्हणून संध्याकाळी, ट्रेकचेच मोजे घालून, उतारावर चालून बघायचं असतं. दुकानात एक तिरकी फळी ठेवायला किती खर्च येतो?

यावर कुणीतरी हमखास म्हणणार, "आपले मावळे कुठे बूट घालत होते?" त्यांना डोंगर अंगवळणी पडलेला होता, आम्ही आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी रात्री निघतो. आणि आजच्या डोंगरातल्या माणसाचं बघा. आम्हाला वाट दाखवणारा दादा प्लास्टिकच्या चपलेत किंवा फाटक्या कॅनव्हासच्या हंटर बुटात पुढे चालतो आणि शहरातले लोक त्याचं कौतुक करतात, "काय सवय आहे!" त्याच्या टाचांच्या भेगा कुणी बघितल्या? ट्रेक संपल्यावर तो हळूच विचारतो, "ताई, जुने बूट असतील तर बघा की." मी जुने, नवे, वेगवेगळ्या नंबरांचे नेऊन बघितले. त्याच्या पायात एकही जात नाही. आयुष्यभर अनवाणी नाहीतर चपलेत चालून त्याचा चवडा माझ्याहून रुंद झालाय. डोंगरात सगळ्यात जास्त चालणाऱ्या माणसाच्या मापाचा डोंगरी बूट या देशात मिळत नाही, याची कुणाला लाज वाटते का?

म्हणून आता दुकानात गेले की मी नंबर सांगत नाही. चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून नेते आणि काउंटरवर ठेवते. विक्रेता गोंधळतो, मॅनेजरला बोलावतो, मॅनेजर म्हणतो असं माप आमच्याकडे येत नाही. मग तसं लिहून द्या म्हणते, शिक्क्यासकट, आणि कंपनीला पाठवते. तुम्हीही पाठवा.