ऑफिसवाल्यांना घेऊन कनकेश्वर कसा चढावा

कनकेश्वर म्हणजे अलिबागजवळच्या डोंगरावरचं शंकराचं देऊळ. तिथे जायचं तर सगळ्यात आधी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढा आणि २७ जणांना न विचारता त्यात घाला. यायची सक्ती नाही असं आवर्जून लिहा, आणि त्याच्याच खाली लिहा की सर येतायत. लगेच २७ चे २७ तयार. शुक्रवारी रात्री साडेअकरापर्यंत १२ उरतात, कुणाची आजी आजारी पडते, कुणाकडे नेमका शनिवारी सकाळीच प्लंबर येणार असतो, ते धरूनच चाला.

हो, वार शनिवारच ठेवा. रविवारी लोकांना घरदार असतं, शिवाय सर शनिवार पाळतात म्हणजे देवळात जायला बरंच. महिना ऑक्टोबर. डिसेंबरात काय कुणीही चढेल हो, ऑक्टोबरात कोकणातली हवा अशी की पाण्याची बाटली घरी राहिली तरी शर्ट पिळून भागेल.

गेटवेहून सकाळची पहिली लाँच, मांडव्याहून लाँचवाल्यांचीच बस, कनकेश्वर फाट्याला उतरायचं आणि रिक्षाने पायथ्याचं मापगाव. इतकं सरळ आहे, म्हणून ग्रुपवर ४ वेगवेगळी लोकेशनं टाका, दोघं तरी अलिबागच्या एसटी स्टँडवर पोचलेच पाहिजेत. पायथ्याशी एक सीनियर गुडघा धरून खाली बसतील, "तुम्ही जा, मी बॅगा सांभाळतो." त्यांना आग्रह करू नका.

पायऱ्या किती असं कुणी विचारलं तर सातशेच्या वर आहेत एवढंच सांगा. आमच्यात अकाउंट्सची तिघं होती, तिघांनी मोजल्या, आकडे तीन आले, आणि वर पोचल्यावर दर्शन बाजूला ठेवून टॅली करत बसली. रुपयांचा फरक असता तर सस्पेन्स अकाउंटला टाकला असता, पायऱ्या कुठे टाकणार?

दम लागलेला माणूस दिसला की त्याला इतिहास सांगा. या पायऱ्या राघोजी आंग्र्यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी १७६४ साली बांधल्या, असं म्हटल्यावर तो दिवाणजींबद्दल जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता अडीचशेच्या वर वर्षं झाली तरी पायऱ्या जागच्या जागी, आणि आमच्या ऑफिसच्या जिन्याची फरशी तीनदा बसवून झाली, पण हे मोठ्याने बोलू नका, ते काम सरांनीच पास केलं होतं.

चढताना सरांच्या पुढे जायचं नाही. दोन पायऱ्या खाली राहायचं, म्हणजे ते थांबले की "मलाही जरा टेकायचंच होतं सर" असं म्हणता येतं. सर दर तीस पायऱ्यांना व्ह्यू बघायला थांबतात. समोर झाडी असते, तरी बघा आणि वा म्हणा. नवीन लागलेला जिमवाला पोरगा सगळ्यांच्या आधी वर जाऊन ग्रुपवर फोटो टाकून मोकळा झाला. तो अजून प्रोबेशनवरच आहे.

वाटेत ताक, कोकम सरबतवाल्या मावशी भेटल्या की भाव पाडून मागा. बर्फापासून ग्लासापर्यंत सगळं त्यांनी डोक्यावरून वर आणलेलं असतं, पण खरेदी ती खरेदी. आमचा परचेसवाला म्हणाला, "खाली पाच रुपये कमी आहे मावशी." मावशी म्हणाल्या, "मग खालीच जाऊन पी की बाबा." आयुष्यात पहिल्यांदा त्याने पूर्ण रेट दिला.

वर पुष्करणी, गार वारा, देवळात घंटेचा आवाज, पाच मिनिटांत माणसाला खरंच बरं वाटायला लागतं. हे होऊ देऊ नका. ताबडतोब एचआरच्या मॅडमनी टीम बिल्डिंगचा बॅनर काढावा. फोटोत शंकराचं देऊळ अर्धं आलं तरी चालेल, बॅनर पूर्ण यायला हवा, बिल त्याच्यावर पास होतं.

आता जेवण. अर्धी जनता सुरमई थाळीसाठीच आलेली असते, फक्त ग्रुपवर तसं कुणी लिहीत नाही. अलिबागला खानावळीत बसलं की सर म्हणणार, "तुम्ही घ्या हो बिनधास्त, माझा शनिवार आहे." झालं, १२ च्या १२ जणांचा शनिवार निघतो, आमच्यातल्या वसईच्या ख्रिश्चन पोराचासुद्धा. शेजारच्या टेबलावर रवा लावलेली तुकडी चुरचुरत येते, आपल्यापुढे दालखिचडी. आणि तेवढ्यात बॅगा रिक्षावाल्याच्या भरवशावर सोडून कधीच अलिबाग गाठलेले गुडघेवाले सीनियर दारात उभे, काडीने दात कोरत, "बसा बसा, माझं मगाशीच झालं."